गावदेवीचे शंभर पाव

सकाळी आठला गोदाबाईंनी जळका पाव टेबलावर आपटला. वीट आपटावी तसा वाजला.

"उत्तराताई, असे शंभर! गावदेवीच्या छपरासाठी विकायचे होते. सुनेनं जाळले. पुरावा तेवढा काढा, दुपारी तिला ठाण्याला माहेरी धाडते."

उत्तराताई खासगी गुप्तहेर. डोंबिवलीत त्यांच्यापासून काही लपत नाही. सोबत भाचा केदार. पोरगा गुणी, पण डोक्यात उजेड पडायचा तो पंगत उठल्यावर.

गोदाबाईंच्या बेकरीत ओव्हन गॅसचा, नवा. गोदाबाई त्याला भट्टीच म्हणत. भिंतीवर सीरियलमधल्या संचिताचं पोस्टर, हातात नाचणीचा नवा पाव, खाली 'एक घास गावदेवीसाठी'. चार वाजता ती स्वतः येऊन पहिला घास घेणार होती.

दाराशी सुनेची बॅग भरून तयार. सासूनंच भरलेली.

"पाचला पाव आत ठेवले," क्षिप्रा म्हणाली. डोळे सुजलेले. "सहाला आईंनी पाटीवर लिहिलेलं तेच केलं आणि फुलं आणायला गेले. आले तर धूर."

"देवीच्या नावावर नटी नाचवू नका, असं कोण म्हणालेलं गं?" गोदाबाई कडाडल्या.

"मी म्हणालेले. म्हणून पाव जाळीन?"

उत्तराताईंनी ओव्हनचं बटण पाहिलं. शेवटच्या आकड्यावर होतं. मग पाटी. मोठं, वाकडं अक्षर: 'सहाला भट्टी वाढव. पाव आत राहू दे.' गोदाबाईंची शाळा दुसरीतच सुटलेली.

नटीला आणणारा मितेश घाम पुसत होता. "मॅडम, पावच नसेल तर संचिताताई खाणार काय? माझं तर नाक कापलं जाईल. मी कशाला जाळू?"

जुना कारागीर नाथा गुडघा चोळत स्टुलावर बसलेला. धुराची बातमी ऐकून लंगडत आलेला.

"नाथा, नवी भट्टी तुला आवडत नाही म्हणे?" उत्तराताईंनी विचारलं.

"नाहीच आवडत. लाकडाची होती तेव्हा नुसत्या वासावर आळी जागी व्हायची. मालक शेवटी हाक मारायचे, 'नाथा, भट्टी वाढव नि घरी जा.' मग उरल्या उबेवर पाव अलगद व्हायचे. मालक गेले, वासही गेला."

गोदाबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि कोणी बघायच्या आत काढला.

केदारनं पूजेचा नारळ उचलला. "हा चार वाजता फोडायचा ना?"

"फोडायचा काय मेल्या! नारळ वाढवतात. आईनं शिकवलं नाही?" गोदाबाई खेकसल्या.

उत्तराताई वळल्या, पुन्हा पाटीपाशी गेल्या आणि हसल्या.

"गोदाबाई, बॅग आत न्या. पाव तुमच्या शब्दानं जळले."

"माझ्या?"

"नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. मालकांच्या तोंडी भट्टीही विझत नव्हती, वाढत होती. घरी निघालेला माणूस आच कशाला चढवेल? म्हणजे मालकांचं 'वाढव' विझवण्याचंच. तुम्ही तेच लिहिलंत. पण क्षिप्राच्या पिढीत गॅस वाढव म्हणजे मोठा कर! तिनं बटण शेवटाला नेलं. जाळायचेच असते तर मागाहून बटण जागेवर आणलं नसतं?"

"अच्छा!" केदार म्हणाला. पंगत उठली होती.

गोदाबाई मात्र ताठच उभ्या. "आमच्यात विझव म्हणत नाहीत. विस्तव विझला की घर विझतं, असं हे म्हणायचे." आवाज जरा खाली आला. "तू विचारलं का नाहीस गं?"

"तुम्ही विचारू देता, आई?"

मग गोदाबाईंनी स्वतःच बॅग उचलली, आत ठेवून आल्या. "नाथा, पीठ भिजव. गुडघा नंतर दुखू दे. चारला पाव पाहिजेत. आणि क्षिप्रा, आजचा नारळ तू वाढवायचास."

खडू घेऊन त्यांनी पाटीवर 'वाढव'च्या खाली दाबून लिहिलं, 'म्हंजे बंद कर.' टिंब देताना खडूचे दोन तुकडे झाले.

"मोडला," केदार म्हणाला.

"मोडला नाही, वाढला," क्षिप्रा म्हणाली.

सासूनं सुनेकडे पाहिलं. मग त्या दिवसात पहिल्यांदाच हसली.