इंजिनासाठी अर्धा लिटर

बॅटरीच्या दुकानात कुणी प्रेमात पडत नसतं. तिथे ॲसिडचा वास असतो, हाताला काळं लागतं, आणि गिऱ्हाईक येतं तेच मुळी वैतागून. कुणाची गाडी रस्त्यात बंद पडलेली, कुणाच्या इन्व्हर्टरने ऐन वेळी मान टाकलेली. वडिलांचे गुडघे कुरकुरू लागल्यावर हे दुकान तिच्या गळ्यात पडलं, त्याला पाच वर्षं झाली. या पाच वर्षांत हसतमुखाने आत आलेला माणूस एकच, आणि तोही खरं तर गिऱ्हाईक म्हणून आला नव्हता. शनिवारी दुपारी पावसाची सर चुकवायला दुकानाच्या पत्र्याखाली उभा राहिला होता. उभ्या उभ्या त्याने आतली सगळी लेबलं वाचून काढली, आणि मग चष्मा पुसत विचारलं, की डिस्टिल्ड वॉटर अस्सल आहे ना?

आता हा काय प्रश्न झाला? कपाळाला आठी घालून तिने ऐकवलं, की इथे सगळं अस्सलच मिळतं, नकली हवं असेल तर बाजारात दुकानं पुष्कळ आहेत. किती कॅन देऊ?

"अर्धा लिटर," तो म्हणाला.

"अर्ध्या लिटरमध्ये कुठली बॅटरी भरते?"

"बॅटरी नाही… इंजिन आहे. वाफेचं." आणि दोन्ही तळवे समोरासमोर धरून त्याने हातभर अंतर दाखवलं. "एवढंसं."

तिला हसू आवरेना. तिशी ओलांडलेला बाप्या, शर्टाच्या खिशाला तीन पेन्सिली, आणि खेळण्यातल्या आगगाडीसाठी पाणी विकत घेतोय! खेळणं नाही ते, असं त्याने जरा दुखावून सांगितलं, आणि मग पाऊस थांबेपर्यंत सांगतच राहिला. तांब्याचा बॉयलर, पितळेची घुमटी, हिरवा रंग. खाली स्पिरिटची ज्योत लावली की खरोखर पाणी उकळतं आणि खऱ्या वाफेवर ते रुळांवर धावतं. एका म्हाताऱ्या कारागिराने उभ्या आयुष्यात अशी चाळीसच इंजिनं केली आणि प्रत्येकावर आकडा ठोकला. त्याचं सतरावं. मामाने जपलेलं, मामा गेल्यावर त्याच्याकडे आलेलं. बाकीची बहुतेक काचेच्या कपाटात बसलीत, कारण एकदा जरी पेटवलं तरी संग्रह करणारे शौकीन नाक मुरडतात. पण मामा म्हणायचा, धावत नाही ते इंजिन कसलं, पेपरवेट झालं ते.

"मग तुम्ही कधी चालवता?"

"दर रविवारी," तो म्हणाला, आणि का कोण जाणे, त्याचे कान लाल झाले.

साधं पाणी का चालत नाही, तेही त्याने समजावलं. साध्या पाण्यात क्षार असतात. बॉयलरच्या आतल्या नळ्या सुईच्या जाडीच्या, त्या एकदा बुजल्या की इंजिन कायमचं थंड. आणि कारागीर वारला, तेव्हा नवा बॉयलर करून देणारं आता कुणी नाही. हे सांगताना त्याचा आवाज इतका हळू झाला, की तिने चेष्टा करायची सोडून बाटली कापडाने पुसून त्याच्यापुढे ठेवली. नोकरी कुठे, असं विचारल्यावर मात्र पुन्हा पंचाईत झाली. तो पाणीपुरवठा खात्यात होता. शहरातल्या नळांचे नकाशे काढायचा.

"म्हणजे सगळ्या शहराला पाणी पाजता, आणि स्वतः विकत घेता?"

"सगळ्या शहराला काय पाजतो ते मला माहीत आहे, म्हणूनच."

तेव्हापासून दर शनिवारी तीनच्या सुमाराला तो यायचा. दुपारी तिला जेवायला सोडायला वहिनी वरच्या मजल्यावरून खाली यायची, तिने त्याचं नाव 'अर्धा लिटर' ठेवलं. आज तुझा अर्धा लिटर उशीर करतोय हं, असं ती म्हणायची, आणि ही बॅटऱ्यांवरची नसलेली धूळ झटकत बसायची. शनिवारी ही हात साबणाने दोन-दोनदा धुते, हे वहिनीच्या नजरेतून सुटलं नाही. कुठेतरी पाणी मुरतंय, असं म्हणून ती गालात हसत जिना चढून गेली.

मुरत होतंच. तो यायचा, काउंटरला टेकायचा, आणि गोष्टी इंजिनाच्या निघायच्या. शिट्टी कशी वाजते, वाफ कोंडली की झडप कशी फुसफुसते, मामा चाकांना तेल घालताना कसा पुटपुटायचा. हिला वाफेतलं काही कळत नव्हतं, पण बोलताना त्याची बोटं हवेत कशी वळतात, ते ती बघत राहायची. एका शनिवारी ती म्हणाली,

"फार पितं हो तुमचं इंजिन."

"सवय लागलीये त्याला."

"पाण्याची?"

"…शनिवारची," तो म्हणाला, आणि सुटे पैसे न घेताच निघून गेला.

असे चौदा शनिवार गेले. पंधराव्या शनिवारी घात झाला.

माल आणणारा टेम्पो आलाच नाही. होती नव्हती ती शेवटची खोकी दुपारी एक रुग्णवाहिकेवाला उचलून घेऊन गेला, आणि त्याला नाही म्हणणार तरी कसं? तीनला दहा कमी असताना तिने शेल्फकडे पाहिलं, तर एकही बाटली नाही. समोरच्या फुटपाथवर पंधरवड्यापूर्वीच नवं चकचकीत दुकान उघडलं होतं, आणि त्याच्या दारातच डिस्टिल्ड वॉटरच्या बाटल्यांची रास रचलेली. तिला सगळं लख्ख दिसलं. आपण नाही म्हणणार, तो बरं म्हणणार, रस्ता ओलांडणार. आणि पुढच्या शनिवारी सरळ तिकडेच जाणार. माणसाचे पाय एकदा वळले की वळले.

ती जिना चढून घरात गेली, एक रिकामी बाटली विसळली, स्वयंपाकघरातल्या फिल्टरखाली धरून भरली, झाकण दाबून बसवलं आणि खाली आली. एका बाटलीने काय होतंय, असं स्वतःला चारदा सांगितलं. इथे सगळं अस्सल मिळतं म्हणणारी हीच ती. बाटली देताना तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही, तर त्याने काळजीने विचारलं, बरं नाही का तुम्हाला?

त्यानंतर तिच्या तोंडाची चव गेली. टेम्पो आला, शेल्फवर पुन्हा अस्सल बाटल्या लागल्या. पुढच्या शनिवारी तो आला खरा, पण गप्प होता. इंजिन कसं आहे विचारलं, तर ठीक आहे म्हणाला. काहीतरी विचारायला तोंड उघडायचा आणि मिटायचा. बाटली घ्यायचा, उजेडाकडे धरून बघायचा, जायचा. एक नाही, असे चार शनिवार गेले, आणि तिने ओळखायचं ते ओळखलं. नळ्या बुजल्या. आपल्या हाताने आपण त्याच्या मामाची शेवटची खूण संपवली.

शेवटी तिने वहिनीपाशी मन मोकळं केलं. वहिनी म्हणाली, सांगून टाक.

"सांगितलं तर तो पुन्हा या दुकानाची पायरी चढायचा नाही."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तर उरलंसुरलं पाणी तो त्यात घालत राहील. आणि मी तोंड भरून इंजिनाची चौकशी करत राहीन." हे बोलताना तिला रडूच फुटलं. वहिनीने मग चेष्टा केली नाही, नुसती पाठ थोपटली.

पाचव्या शनिवारी त्याने बाटली घेतली, पैसे दिले, आणि गेला नाही. खिशातली पेन्सिल काढून परत खिशात ठेवली. उद्या सकाळी गच्चीवर इंजिन चालवतोय, मामीही येणार आहे, तुम्हाला वेळ असेल तर… असं काहीसं म्हणाला. म्हणजे अजून चालतंय तर! ती येते म्हणाली. मनाशी ठरवलं, की उद्या सगळं सांगायचं, मग पुढे जे व्हायचं ते होवो.

गच्चीवर लाकडी फळ्यांवर रुळांचा लांबट गोल मांडला होता. वेताच्या खुर्चीत, डोक्यावर छत्री धरून मामी बसली होती. तिने हिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "अच्छा, ती ही." आणि इंजिन… इतकं ऐकूनही ते इतकं देखणं असेल असं तिला वाटलं नव्हतं. हिरव्या अंगावर सतराचा आकडा, चाकांच्या दांड्या चमकणाऱ्या. तो गुडघ्यावर बसून चाकांना थेंब थेंब तेल घालत होता आणि नकळत पुटपुटत होता. मग त्याने बाटली उचलून झाकणाला हात घातला.

"थांबा," ती म्हणाली. "ते पाणी कुठलं आहे?"

"तुमच्याच दुकानातलं."

"म्हणूनच घालू नका. मी दिलेली एक बाटली नकली आहे."

आणि मग तिने एका दमात सगळं सांगितलं. टेम्पो, रुग्णवाहिका, फिल्टर, सगळं. मध्ये थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं. "तुम्ही समोरच्या दुकानात गेला असता," ती म्हणाली, "आणि मग दर शनिवारी तिकडेच गेला असता. मला ते सहन झालं नसतं. म्हणून मी तुमच्या इंजिनाशी खोटं वागले."

तो उठून आत गेला. तिने चप्पल कुठे काढली ते आठवून ठेवलं, कारण आता लगेच निघावं लागणार होतं. पण तो परत आला तो हातात एक लांब काच घेऊन. काचेच्या कडेला बारीक अक्षरात एकोणीस तारखा लिहिल्या होत्या, ओळीने, कालचा सोडून सगळे शनिवार.

"नवी बाटली आणली की तिचा एक थेंब काचेवर वाळवायचा, ही मामाची पद्धत," तो म्हणाला. "अस्सल पाणी वाळलं की मागे काही राहत नाही."

अठरा तारखांपुढे काच कोरी होती. पंधराव्या तारखेपुढे एक पांढरं वर्तुळ होतं, शर्टाच्या बटणाएवढं. ती बघतच राहिली.

"म्हणजे तुम्हाला त्याच दिवशी कळलं?"

"संध्याकाळी. ते पाणी इंजिनात गेलंच नाही."

"मग बोलला का नाहीत? चार शनिवार मी जिवंतपणी मेले."

त्याचे कान पुन्हा लाल झाले. "मला वाटलं, तुम्ही माझं खोटं ओळखलंत. मी पाण्यासाठी येत नाही, हे कळलं म्हणून साधं पाणी देऊन मला परत पाठवताय. पुढच्या वेळी यायचं नाही असं ठरवलं होतं… पण आलो."

"कसलं खोटं?"

"अगं, दर रविवारी कुठलं?" छत्रीखालून मामी म्हणाली. "महिन्यातून एकदा चालवतो, तेही कपभर पाण्यावर. आत जाऊन कपाट उघड. अठरा बाटल्या आहेत. कपडे खुर्चीवर आले बिचाऱ्याचे."

ती हसू लागली आणि डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, दोन्ही एकदमच. तो आधी घाबरला, मग तोही हसला. मग त्याने कालची बाटली तिच्या हातात दिली आणि पाणी तुम्हीच भरा म्हणाला. थेंब वाळवून बघायचा नाही का, असं तिने विचारलं. नाही, तो म्हणाला. तिने श्वास रोखून एक थेंबही न सांडता बॉयलर भरला. त्याने सिरिंजने मोजून स्पिरिट घातलं आणि वात पेटवली. पाणी तापायला लागलं, वाफ धरली, झडप फुसफुसली, आणि सतरा नंबर हलकेच पुढे सरकला.

"स्पिरिट बारा मिनिटांचं आहे," इंजिनाकडे बघत तो म्हणाला. "पाणी संपायच्या आत आग विझली पाहिजे, म्हणून मोजूनच घालायचं. ते थांबेपर्यंत एक सांगाल? पाणी नको असेल… आणि मी नुसताच आलो… तर चालेल का? घाई नाही. बारा मिनिटं आहेत."

उत्तर तिला पहिल्याच फेरीला माहीत होतं. पण सकाळ छान होती, चाकांचा ठेका कानाला गोड लागत होता, आणि तो इतका मन लावून इंजिनाकडे बघायचं नाटक करत होता, की तिला ते मोडवेना. तिने फेऱ्या मोजल्या, मग मोजायच्या सोडल्या. मामीला छत्रीखाली डुलकी लागली, किंवा तिने तसं दाखवलं. हळूहळू ज्योत निळसर होऊन विझली, ठेका मंदावला, आणि इंजिन तिच्या पावलांपासून वीतभर अंतरावर येऊन थांबलं.

"नुसतं आलेलं चालणार नाही," ती म्हणाली.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"तुमचं नाव घरात अर्धा लिटर पडलंय. बाटली घेतल्याशिवाय वहिनी तुम्हाला ओळखायची नाही. आणि शनिवारचीच वाट कशाला बघायची? मला नाही बघवत आता. उद्या सोमवार आहे. दुकान नऊला उघडतं."

सोमवारी पावणेनऊला वहिनीने खिडकीतून खाली पाहिलं, आणि मागे वळून सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की अर्धा लिटर रिकाम्या हाताने पायरीवर बसलाय. ती हात न धुताच जिना उतरली. शटर जड होतं, रोज तिला एकटीला उचलताना घाम फुटायचा. आज दुसऱ्या बाजूने त्याने धरलं.