ताईच्या गाडीचा चोक

माझी ताई नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स आहे. सकाळी सहाला हजर म्हणजे हजर, तिथे गाडी सुरू झाली नाही हे कारण चालत नाही. त्या आठवड्यात ती दोनदा उशिरा पोचली आणि माझ्यावरच उखडली. "शनिवारी गिऱ्हाईक येतंय. तोवर बरी कर, नाहीतर देऊन टाकते भंगारात."

बोलली खरी, पण डोळे भरले होते. गाडी भावोजींची. ते उन्हाळ्यात गेले, आणि त्यांच्यामागे ही पहिलीच थंडी. गाडी विकली तर ताई आतून मोडेल, हे मला कुणी सांगायला नको होतं.

मी मेकॅनिक, तेवीस वर्षं हेच करतोय. जुनी गाडी थंडीत खोकली की आधी चोक बघायचा. बटण ओढलं की कार्बुरेटरमधली झडप मिटते, हवा कमी जाते, पेट्रोल जास्त, आणि इंजिन उचलतं. ते तापलं की बटण थोडं थोडं आत ढकलायचं. दहा वर्षं हे काम भावोजींचं. ताईचं आवरेपर्यंत ते खाली जाऊन गाडी तापवून ठेवायचे. मी चिडवायचो, "बायकोपेक्षा गाडीचे लाड जास्त!" ते म्हणायचे, "बायकोचेच आहेत रे. गार गाडीत बसली की पाठ धरते तिची."

म्हटलं, हात्तिच्या, ताई चोकच ओढत नसणार! पण बुधवारी संध्याकाळी प्लग काढले तर काळेकुट्ट. म्हणजे उलटंच, पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जात होतं. बटण पार बाहेर आलेलं आणि त्याची झडपेपर्यंत जाणारी केबल गंजून तिथेच अडकलेली.

"हे तू ओढतेस?"

"कोणतं? ते ह्यांचं बटण. मला काय कळतंय त्यातलं!"

मी प्लग घासले, बटण जोर लावून आत दाबलं. गुरुवारी पहाटे जाऊन पाहिलं तर बटण बाहेर. गाडी खोकली, काळा धूर ओकली.

"ताई, झोपेत चालतेस की काय तू?"

"डोकं फिरलंय का तुझं?" ती म्हणाली.

त्या संध्याकाळी बटण पुन्हा आत दाबलं, चारही दारं लावली आणि दोन्ही किल्ल्या घरी नेल्या. शुक्रवारी पहाटे दारं तशीच बंद होती. काचांवर दव साचलेलं, त्यावर हाताचा डाग नाही. बटण बाहेर.

भूतबित मी मानत नाही. यंत्र आहे, कारण असणारच. संध्याकाळी मी केबलच काढली, बटणासकट, आणि पिशवीत घालून घरी नेली. आता झडप ओढायला काही उरलं नव्हतं. स्प्रिंग तिला उघडीच ठेवते.

शनिवारी पहाटे ताई गाडीत बसली. मी बॉनेट उघडलं, एअर फिल्टर काढला, टॉर्च मारला.

झडप मिटलेली होती.

बोटाने ढकलली. हलेना.

"मारू का सेल्फ?" ताईने विचारलं.

"मार."

एका सेल्फला उचलली. ना खोकला, ना धूर.

इंजिन तापू लागलं तशी झडप माझ्या डोळ्यांदेखत उघडू लागली. थोडीशी. मग थांबली. मग आणखी थोडी. कसली घाई नाही. इतके दिवस बटण ओढलं जात होतं, पण गंजलेली केबल ते परत जाऊ देत नव्हती.

मला भीती वाटत होती आणि भावोजींच्या आठवणीने रडूही येत होतं. दोन्ही एकदम.

"अगं बाई, अगदी ह्यांच्या वेळी चालायची तशी चालली!" ताई आतून ओरडली. "काय केलंस रे?"

"केबल खराब होती."

"मग गिऱ्हाइकाला कळवते, नाही विकायची म्हणून." तिचा आवाज कापत होता, पण ती हसत होती.

झडप अर्ध्यावर थांबली होती. साडेपाच वाजायला आले होते, ताईची निघायची वेळ झाली होती. उरलेली उघडावी म्हणून सवयीने मी बोट पुढे केलं.

कुणीतरी ते अलगद धरलं आणि बाजूला केलं.