गेरूचे ठिपके

सत्य सांगणे हे कर्तव्य खरे; परंतु ज्याच्या कानी ते घालायचे, त्याच्या जिवालाच त्याने धक्का बसेल अशी भीती असेल, तर कन्येने काय करावे? तिचे मौन ही दया समजावी, की दयेचे वस्त्र पांघरलेले असत्य? सिद्धेश्वरच्या धरणापलीकडील एका वस्तीत, नव्वदीचे दशक सरत असताना, शिवकन्या नावाच्या मुलीपुढे हा प्रश्न उभा राहिला. आणि त्याचा निवाडा एका जुन्या यंत्रासमोर झाला.

तिचे वडील नामाजी मेंढ्या राखीत. थोरल्या सुकन्येने परस्पर विवाह केल्याची वार्ता त्यांना आठवडी बाजारात कळली, आणि त्याच दिवशी ते अंगणात कोसळले. रक्तदाब फार चढला होता. "यांना धक्का बसेल असं काही कानावर जाऊ देऊ नका," शिरड शहापूरच्या डॉक्टरांनी बजावले. आईविना असलेल्या त्या घरात शिवकन्येने ते वाक्य व्रतासारखे धरले.

श्रावण सरत आला होता. औषध आणायला गेलेली शिवकन्या पावसाची सर चुकवीत दवाखान्याच्या ओसरीवर चढली, तो तिथे एक तरुण स्वतःच्याच दंडाला रक्तदाब मोजायच्या यंत्राचा पट्टा बांधीत, त्याचे टोक दातांनी ओढीत बसलेला.

"आजारी हायेत का तुमी?" तिने विचारले.

"मी न्हाई, यंत्र आजारी होतं. बरं झालं का ते पाहून राहिलो," तो दातांतून बोलला. "धरा बरं हे टोक."

तिने टोक धरले. तो शिवहार, डोंगरकडा गावचा, दवाखान्यातला कंपाउंडर.

डॉक्टर समोर दिसले की नामाजींचा दाब उसळे. खरा अंदाजच येत नसे. म्हणून तो रोज घरीच मोजावा असे ठरले आणि पाऱ्याच्या यंत्राची ती पेटी शिवकन्येच्या स्वाधीन झाली. शिकवण्याचे काम शिवहारकडे आले; शिकण्यासाठी दंडही त्याचाच.

"फुगा दाबा... आता हळू सोडा. पयला ठोका ऐकू आला, तो वरचा आकडा. ठोके थांबले, तो खालचा."

तिने नळ्या कानांत घातल्या. पारा थरथरत उतरू लागला, आणि परक्या देहातून एक ठोका तिच्या कानात येऊन उभा राहिला. मग दुसरा... मग तिसरा... पावसाचा आवाज कुठेतरी दूर गेला.

"किती?"

"इसरले," ती खाली पाहत म्हणाली.

"मंग परत फुगवा. माझा हात काही पळून न्हाई चालला."

दुसऱ्या वेळी आकडा सापडला. पण ती गोंधळली. "ठोके लई जोरात हायेत तुमचे..."

"यंत्र जुनं हाय," शिवहार म्हणाला, आणि उगाच पावसाकडे पाहू लागला.

घरी नामाजींना उकिडवे बसण्याची सवय. खांद्यावर घोंगडी, तोंडाने मेंढरांना हाका, आणि तशातच मोजणे चाले. संध्याकाळी गोळ्या घेऊन सायकलवर येणाऱ्या शिवहारने त्यांना शिस्त लावली: पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, आणि तोंडाने अवाक्षर नाही.

"मेंढरू तोलाया बी एवढा थाट लागत न्हाई," नामाजी कुरकुरत. पण तसे बसत.

त्यांना अक्षरओळख नव्हती. "पर माझं मला दिसू दे," असे म्हणून त्यांनी मेंढ्यांच्या पाठीवर खुणा करायचा गेरू लेकीच्या हाती दिला. दाब अधिक असला की भिंतीवर ठिपका वर, कमी असला की खाली. पाऱ्याचे चढणे-उतरणे साऱ्यांना दिसे. ठोका कुठे ऐकू आला, हे मात्र केवळ तिच्या कानांना ठाऊक.

एका संध्याकाळी ठिपका फार वर गेला. त्याकडे पाहून नामाजींनी भाकरीचे ताट दूर सारले. दुसऱ्या दिवशीही आकडा मोठाच होता... शिवकन्येचे गेरूने माखलेले बोट वर गेले, थबकले, आणि खाली आले. तेव्हापासून ठिपके एका ओळीत उमटू लागले. खरा आकडा ती बाहेर मेंढवाड्यापाशी शिवहारच्या कानात सांगे; तो डॉक्टरांना कळवी.

"हे बराबर न्हाई," शिवहार म्हणे. "मानसाला त्याचं खरं कळाया पायजे."

"डॉक्टरला खरं कळतंय ना? मंग झालं."

कुजबुजीत आकडा सांगून झाला तरी दोघांचे पाय निघत नसत.

"आज माझा मोजत न्हाई?"

"तुमचा काहून?"

"तू दारात दिसली का चढतो."

"मंग गोळी घ्या."

"गोळीनं उतरणारा न्हाई तो..."

ती हसे, आणि लगेच दाराकडे पाही. आत वडील होते. गोळ्या चुकत नव्हत्या, मीठ कमी केले होते, तरी आकडा वाढतच चालला होता. डॉक्टरही कोड्यात पडले होते.

भाद्रपदातल्या एका ओल्या संध्याकाळी शिवहारने सायकल स्टँडवर लावली, पण तो हसला नाही.

"घरचे बुधवारी पोरगी पाहाया चालले. माझ्यासाठी."

ओल्या लोकरीचा उग्र वास वाऱ्यावर आला. "कशी हाय?" तिने विचारले.

"मला पाहायचीच न्हाई. तू आबाला सांगती, का मी सांगू?"

"अक्काचं ऐकलं तवा ते पडले होते. आता माझं ऐकून पडले... आन उठलेच न्हाई तर?"

वळचणीचे पाणी दोघांच्या मध्ये ठिबकत राहिले.

"माय!" आतून नामाजींनी लेकीला हाक दिली. "दोघं बी आत या."

नामाजी शिकवल्याप्रमाणे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसले होते. पट्टा त्यांनी स्वतःच वाकडातिकडा बांधला होता.

"भावाला निरोप धाडला मी," ते शांतपणे म्हणाले. "मेंढरं वाटून देतो. माझे किती दिवस राहिले, तेवढं सांगा."

"आबा! काहून असं बोलता?"

त्यांनी भिंतीकडे बोट केले. "मेंढरू बी रोज एकसारखं चरत न्हाई, माय. माझे ठिपके बरे एका ओळीत! आन तुमी दोघं भाईर कुजबुजता. मला कळत न्हाई व्हय? मरनाचं बोलून राहिले तुमी."

जे लपवून शिवकन्या वडिलांना जपत होती, तेच त्यांना आतून पोखरत होते. शिवहार पुढे झाला. तिने हाताने त्याला थांबवले.

"मी सांगते... पर सांगून तुमाला काही झालं तर?"

"न सांगून जे होऊन राहिलं, ते दिसत न्हाई का तुला?"

मग तिने सांगितले. आधी ठिपक्यांचे. मग शिवहारचे, आणि येत्या बुधवारचे. दृष्टी वडिलांच्या छातीवर खिळली होती.

नामाजींनी भिंतीवरच्या त्या ओळीवरून नजर फिरवली. शिवहारची नजर त्यांच्या ओठांवरून हलत नव्हती.

"सुकन्यानं लगन केलं म्हणून पडलो न्हाई मी," ते अखेर म्हणाले. "मला ते मिरच्या इकणाऱ्यानं सांगितलं. साऱ्या बाजाराला ठाव, बापाला न्हाई! ते बसलं छातीत." त्यांनी हात पुढे केला. "आता मोज. आन खरं सांग."

"जरा निवांत बसा, बाबा. मंग मोजू," शिवहारने पट्टा नीट बांधीत म्हटले.

वडिलांचा श्वास संथ होईपर्यंत तिने वाट पाहिली. मग तिने फुगा दाबला. पारा चढला आणि उतरू लागला. कालच्या आकड्याची खूण आली... ठोका नाही. आणखी खाली... नाही. आणि मग तो आला, संथ, ओळखीचा.

"चांगल्यापरीस जास्तच हाय, आबा," तिचे डोळे भरून आले. "पर कालच्याहून कमी हाय. लई कमी."

तिने ठिपका लावला. खोट्या ओळीच्या वर तो एकटाच उभा राहिला. नामाजी त्याच्याकडे टक लावून पाहत होते. "हा माझा," ते म्हणाले. "आता ह्या पोराचा मोज."

शिवहारने मुकाट दंड पुढे केला. ऐकता ऐकता शिवकन्येला हसू आवरेना.

"कुठं लावू ह्यांचा?"

"आढ्याला लाव!" नामाजी म्हणाले, आणि कित्येक दिवसांनी मोकळे हसले.

"बाबा, बुधवारी घरच्यांना—"

"बाबा काय? मामा म्हन. पोरगी पाहाया चालले ना तुझ्या घरचे? त्यांना इकडचा रस्ता दाखीव." मग त्यांचा स्वर मऊ झाला. "पर त्याच्याआधी सुकन्याकडं निरोप धाड, माय. तिला बाजारात कळाया नको."

त्या भिंतीवर यापुढे उमटणारे ठिपके कधी वर असोत, कधी खाली. ते आपल्या खऱ्या जागी असोत. सांगणाऱ्या जिभेला बळ लाभो, ऐकणाऱ्या कानांना धीर. आणि त्या वृद्ध दंडावरच्या पट्ट्याखालचा प्रवाह दीर्घकाळ शांत वाहत राहो.