नवी सुई लावली त्या शुक्रवारी

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. मला कुणाला पटवायचं नाहीये. मी त्या खोलीत होते आणि हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

गेल्या फेब्रुवारीतला शुक्रवार. अल्माटीतलं आमचं घर, चौथा मजला. दिवेलागणीची वेळ. बाहेर बर्फ, आत तळणाचा वास.

माझे सासरे दोंब्रा, म्हणजे आम्हा कझाकांचं दोन तारांचं वाद्य, वाजवायचे. नाव मी घेत नाही. आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही, ते गेल्यावरही नाही. तरुणपणी त्यांची एकच तबकडी निघाली. ते गेल्यापासून सासूबाई, म्हणजे कुल्याश अपा, दर शुक्रवारी शेल्पेक तळतात. तळलेल्या पोळ्यांचा वास गेलेल्या माणसापर्यंत पोचतो, असं आम्ही मानतो. मग ती तबकडी लागते. सासऱ्यांच्याच जुन्या सोव्हिएत प्लेअरवर.

सुई टेकली की आधी घरघर.

मग... एक खाकरणं.

मग दोंब्रा.

ते खाकरणं आमच्या चांगलंच ओळखीचं होतं. हयात असताना सासरे आत यायच्या आधी दाराबाहेर असंच खाकरायचे. सुनेने डोक्यावरचा रुमाल सावरावा म्हणून. अपा आठवडाभर त्या एका आवाजासाठी जगायच्या.

माझा नवरा दौलेन. त्याला त्या घरघरीचा भारी राग. हिवाळाभर तो प्लेअर उघडून बसला. नवी मोटर, नवा पट्टा, रीगाहून मागवलेला सुईचा दांडा, नवी सुई, खाली स्प्रिंगचे पाय.

"अपा, आता ऐक. बाबांचं बोट न् बोट ऐकू येईल."

"जुनं काय ठेवलंस रे? झाकण?"

"झाकण आणि तबकडी."

"म्हणजे नवरा नवा, नवरी नवी, वरात तेवढी जुनी!"

आम्ही सगळे हसलो.

मी चहा ओतला. दारासमोरच्या मानाच्या जागी सासऱ्यांची गादी आणि वाटी मांडलेली असते. तिच्यातही ओतला. थोडाच. वाटी काठोकाठ भरली तर पाहुण्याला ऊठ म्हटल्यासारखं होतं.

दौलेनने सुई टेकवली.

घरघर नाही.

काहीच नाही...

एकदम दोंब्रा. तारेवर नख घासलेलंसुद्धा ऐकू आलं. दौलेनचे डोळे भरून आले.

अपा मात्र दाराकडे बघत होत्या.

"म्हातारा खाकरला नाही."

"अगं, सुई पुढे टेकली असेल." त्याने पुन्हा पहिल्यापासून लावलं. पुन्हा थेट दोंब्रा.

"घालवलंस ना! स्वतःच्या बापाला घराबाहेर काढलंस!"

अपा रडायला लागल्या. मयतीनंतर पहिल्यांदाच. मला फार वाईट वाटलं. दौलेन पांढराफटक पडला होता. मला वाटलं, आईचं बोलणं लागलं असेल. पण तो हळूच म्हणाला, "मेरुएर्त, खाकरणं तबकडीवर असतं तर आता जास्त स्पष्ट यायला हवं होतं."

"मग इतकी वर्षं आपण..."

"तबकडीवर ते नव्हतंच."

तो लगेच प्लेअरशी जाऊन बसला. पाठ आमच्याकडे. घाईघाईने जुनी मोटर बसवली, जुना दांडा बसवला. सुई टेकली. घरघर परत आली.

खाकरणं आलं नाही.

मी वाट्या गोळा करायला हात पुढे केला... आणि तसाच राहिला.

सासऱ्यांची वाटी आडवी पडली होती.

रिकामी. खालचं कापड कोरडं. चहा पुरे झाला की आम्ही अशीच वाटी आडवी करतो.

आणि गादी... मधोमध दबलेली.

अपांना माझ्या आधाराशिवाय उठताच येत नाही. दौलेन प्लेअरपासून हलला नव्हता.

"अपा... वाटी तुम्ही आडवी केलीत?"

अपांनी बघितलं. रडणं थांबलं. पदराने पुसावं तसं त्यांनी रुमालाच्या टोकाने तोंड पुसलं. आणि हसल्या. मला त्या रडण्यापेक्षा हसण्याची जास्त भीती वाटली.

"आलाय की! दर शुक्रवारी येतच होता. आधी सांगून यायचा, एवढंच."

आता अपा खुशीत असतात. गादीकडे बघून बोलतात, टोमणे मारतात. दौलेनला त्यांनी नवे भाग परत बसवायला लावले. म्हाताऱ्याला नवा आवाज आवडलाय म्हणे, बराच वेळ बसतो.

पण हल्ली सासरे शुक्रवारची वाट बघत नाहीत.

परवा मंगळवार होता. मी स्वयंपाकघरात एकटीच केस विंचरत होते, आणि माझ्या मागची खुर्ची सरकली...

दौलेन म्हणतो, बाबा तुला काय करणार आहेत? काही नाही करणार, मलाही माहितीये. फार भला माणूस होता. पण कुणी मागे उभं असलं तर आपल्याला कळायला तरी हवं.