दार उघडलंस का रे?

तो दिवा जरा बाजूला ठेवा, डोळ्यांवर येतोय. हां. ऐका आता.

हे माझ्या साडूचं. धरणाची दारं उघडायची-लावायची, ही त्याची नोकरी. चाळीस वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा लावली तीही त्यानेच, नवाच लागला होता. पाण्याखाली गेलं ते त्याचंच गाव. त्याची मावशी घर सोडेना. शेवटी चौघांनी उचलून बाहेर काढलं. महिन्याभरात गेली.

पुढे खालची नदी आटली, मासे संपले, तिकडची गावं भांडून भांडून थकली, तेव्हा कुठे धरण पाडायचं ठरलं. सगळी दारं उघडली. आठवडाभर पाणी उतरत होतं. सतरा मे, बुधवारची रात्र. सकाळी भिंत फोडायची होती. इंजिनियर साहेबांचा फोन आला, "काका, दीड वाजता पाणी मोजायची पट्टी तेवढी बघा आणि मग झोपा."

झोप कसली. तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. गुडघे कुरकुरत होते. बॅटरी घेऊन तो पायऱ्या उतरला. पाणी पट्टीच्याही खाली गेलं होतं. पुढे नुसता गाळ, आणि गाळातून वर आलेला गावाचा जुना रस्ता.

बेडूक ओरडत होते.

ते थांबले.

मागून पावलं आली. एक-दोन नाही, पुष्कळ. अनवाणी. पाय ओढत... फार लांबून चालत आलेल्या माणसांची असतात तशी. त्याने बॅटरी फिरवली.

कुणी नाही.

तो बाजूला सरकला, वाट दिली. दुसरं काय करणार?

पावलं शेजारून जात राहिली. खाली. गावाकडे. अर्धा तास...

शेवटचं पाऊल थांबलं. अगदी जवळ.

"दार उघडलंस का रे?"

"उघडलं, मावशी."

...

"परत लावू नकोस. दमलो आम्ही."

"नाही लावणार."

मग नुसतं पाणी वाहत होतं.

उजाडल्यावर तो साहेबांना घेऊन खाली गेला. गाळावर एकही ठसा नव्हता. घरांची जोती तेवढी उरली होती, सगळी चिखलाने भरलेली. मावशीचं सोडून. तिथली जमीन कोरडी होती. कोपऱ्यात चूल होती, चुलीत राख.

साहेबांनी वाकून राखेत हात घातला आणि झटकन काढला. बराच वेळ बोटांवर फुंकर घालत उभे होते.