हेळव्याच्या वहीतली गारगोटीची चूल

ही गोष्ट ज्यांच्यावर गुदरली, त्यांच्याच तोंडून ऐकली आहे. मला ती नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. पण यात पदरचं काही घातलेलं नाही.

गेल्या वर्षीचा मार्च. मंगळवार. कोल्हापूर, शाहूपुरी, तिसरा मजला.

रात्र नव्हती. दुपारचे सव्वातीन वाजले होते.

अमरसिंह बेनाडीकर, निवृत्त प्राध्यापक, घरात एकटेच होते. पत्नी स्नेहल दोन दिवस लेकीकडे, इचलकरंजीला गेली होती. टेबलावर चार वर्षांची मेहनत होती, घराण्याचा इतिहास. दुसऱ्या दिवशी तो छापायला जायचा होता.

मूळ गाव बेनाडी. पण कागदोपत्री आडनाव आणखी चार तऱ्हांनी सापडलं. सातबाऱ्यावर बेनाडकर. फौजेच्या पेन्शनच्या कागदावर बेन्नाडी. मतदार यादीत बिनाडीकर. आणि गारगोटीच्या चुलत्यांकडं तर सरळ बेनाडे.

बाकीच्यांना त्यांनी कारकुनाची चूक म्हणून माफ केलं. गारगोटीकरांना नाही.

"ज्यांना स्वतःचं आडनाव धड लिहिता येत नाही, ती माणसं आमच्या पुस्तकात कशाला?" असं म्हणताना ते ओठ मुडपायचे, शेणात पाय पडल्यासारखे.

चुलतभाऊ गुंडू तीनदा जिने चढून आला होता.

"आण्णा, आमचं ऱ्हाऊ दे. आईचं तेवढं नाव घाला की. जाताना इचारत हुती, पुस्तकात मी हाय न्हवं?"

"गुंडू, हे पुस्तक आहे. जेवणावळ नव्हे, कुणीही येऊन पंगतीला बसायला."

गुंडूची आई म्हणजे धोंडुबाई. जानेवारीत गेली. पाचवी ते दहावी अमरसिंहांनी तिच्याच चुलीवरची भाकरी खाल्ली होती. गारगोटीच्या शाळेच्या दाखल्यावर त्यांचंही आडनाव बेनाडेच होतं. तो दाखला त्यांनी खणाच्या तळाशी दडवला होता.

बेल वाजली.

दारात हेळवी उभा. गावोगाव फिरून घराण्यांच्या पिढ्या वाचून दाखवणारा. डोक्याला पटका, काखेत तेलकट फडक्यात बांधलेली वही.

"बेनाडीचं कूळ न्हवं? नावं वाचतो, मालक."

"वाच. तुझ्या चुका तरी कळतील."

त्याला खुर्ची दिली नाही. तो उंबऱ्याजवळ फरशीवरच बसला.

त्याची रीत अशी, की नाव वाचायचं आणि थांबायचं. घरातल्या कुणीतरी 'हाय' म्हणायचं. म्हणजे ते माणूस कुळातलं. मगच पुढचं नाव.

अमरसिंह जांभया देत 'हाय, हाय' म्हणत गेले.

मग हेळवी म्हणाला, "गारगोटीची चूल. धोंडुबाई."

अमरसिंह गप्प बसले. मुद्दाम.

हेळवी थांबला.

पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येईना. खाली रस्ता वाहत होता, तोही ऐकू येईना...

आणि स्वयंपाकघरातून...

"हाय."

बाईचा आवाज. म्हातारा. जरा दमलेला.

अमरसिंह ताडकन उठले. आत कुणी नव्हतं. ओटा कोरडा. दोन दिवस ते डबा मागवत होते, गॅस पेटवलासुद्धा नव्हता.

तरी आत वास होता... नुकत्याच भाजलेल्या भाकरीचा.

ते बाहेर येऊन ओरडले, "गुंडूनं पाठवलं ना तुला? नाटकी जात तुमची!"

हेळव्यानं मान वर केली नाही. वहीवर बोट सरकवलं.

"धोंडुबाईच्या चुलीवर वाढल्यालं. अमरसिंह."

"हाय!" अमरसिंह खेकसले.

हेळवी थांबूनच होता.

"अरे, हाय म्हटलं ना! बहिरा आहेस का?"

त्याला ऐकूच जात नव्हतं. तो त्यांच्या आरपार स्वयंपाकघराकडं बघत होता.

"अमरसिंह... हाय का?"



मग परातीच्या कडेला बांगडी घासावी, तसा आवाज आला...

"न्हाय."

हेळव्यानं वही बांधली. उठला. जाताना दार ओढून घेतलं, रिकाम्या घराचं ओढतात तसं.

सकाळ होताच अमरसिंहांनी गुंडूला फोन लावला.

"काकूचं नाव घालतोय रे. चांगलं पानभर."

"नगो, आण्णा."

"नको? तीनदा आलास की!"

"मी आलतो. पर आता तीच नगो म्हणती. त्याचं पुस्तक त्याला लखलाभ, म्हणती."

"कोण म्हणती?"

गुंडू जरासा हसला. त्या हसण्यात कीव होती.

"शिकल्यालं माणूस तुमी, आण्णा. असलं काय इचारताय?"

फोन बंद झाला.

पुस्तक अजून छापलेलं नाही. छापखान्यातून दर आठवड्याला विचारणा होते. अमरसिंह सांगतात, थांबा, एका नावाची खात्री व्हायची आहे.

कुणाच्या, ते सांगत नाहीत.

मीही विचारलं नाही. धीर झाला नाही.