धाकटीला खरवडून काढलं त्याची गोष्ट

पटलं तर ठेवा, नाही तर सोडून द्या. पण तिखटमीठ लावून मी काहीही सांगत नाहीये. आमच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी एक मुलगी आहे. हे तिच्या घरी घडलं. चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांत, भर दुपारी तीनच्या सुमाराला.

मी त्याच दुकानात फ्रेमचे स्क्रू पिळतो. आमची टेबलं शेजारीशेजारी. त्यामुळे ती मला रोजचं रोज सांगायची.

दुकानात तिला सगळे घासू म्हणतात. आईबाप लहानपणीच गेले, आजीनं वाढवलं. आजी हेच तिचं सगळं गणगोत.

आणि आजी विसरायला लागली होती.

आधी गॅस. मग दार. मग एके सकाळी नातीकडेच बघून म्हणाली, "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?"

त्या दिवशी घासू दुकानात ढसाढसा रडली. "अख्खं जग विसरू दे रे तिला. पण मला विसरली तर मी कुणाची?"

डॉक्टर म्हणाले, जुने फोटो दाखवा. रोज, ठरावीक वेळी. मग घासू जेवणाच्या सुट्टीत घरी पळायची आणि अल्बम उघडून आजीच्या पलंगावर बसायची.

आजी तरुणपणी एका फोटो स्टुडिओत रिटचिंग करायची. तेव्हा निगेटिव्ह काचेची असायची. तिच्यावर बारीक ब्रशनं लाल रंग लावला की छापलेल्या फोटोत तेवढी जागा पांढरी येते. नको असलेलं असंच काढायचं. ते दिवस निघाले की आजी खुलायची.

"या साहेबांची अर्धी ढेरी मी उडवली. लोक त्यांना विचारायचे, तालमीत जाता वाटतं!"

आठवडाभर असं झकास चाललं. घासूच्या तोंडावर रंग आला.

मग मंगळवारी...

स्वयंपाकघरातून आवाज आला. काचेच्या पेल्यात कुणीतरी ब्रश खळबळत होतं.

टिण... टिण... टिण...

घासू उठून गेली. आत कुणी नाही. ओट्यावर पेला होता. त्यातलं पाणी तांबूस झालं होतं.

ती परत आली. समोर आजीच्या लग्नाचा फोटो उघडा होता. आजीचा थोरला भाऊ तिच्या उजव्या हाताला उभा होता. दोन मिनिटांपूर्वी होता.

आता तिथे... कोरा पांढरा कागद.

"आजी, तुझा दादा कुठे गेला?"

"कुठला दादा? मला भाऊच नव्हता गं."

बुधवारी आजोबा गेले. अल्बममधल्या एकूण एक फोटोतून. आजी म्हणाली, "माझं लग्न झालं होतं? काहीतरीच बाई तुझं!" आणि चक्क लाजली.

गुरुवारी घासूचे बाबा गेले. आजीचा एकुलता एक मुलगा.

"आजी, कोण करतंय हे?"

आजी अगदी सहज म्हणाली, "धाकटी."

आजीला एक धाकटी बहीण होती. सात वर्षांची असताना तापानं गेली. घरात सगळ्यांचा मिळून एकच फोटो होता, त्यात ती मध्यभागी बसलेली. त्यांच्या आईला तो बघवेना, आणि भिंतीवरून उतरवूनही ठेववेना. शेवटी ती आजीला म्हणाली, "तुला येतं ना काढता? मग हिला काढ. माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

आजीनं काढली. सोळा वर्षांची होती तेव्हा.

"आता ती रोज येते," आजी म्हणाली. "विचारते, ताई, मी कशी दिसायचे? पण मलाच आठवत नाही गं. ती म्हणते, तुझ्या डोक्यात फार गर्दी झालीय. सगळ्यांना काढते, म्हणजे मी सापडेन."

घासूला वाटलं, सुटलो. रंग लावलाय ना? मग धुऊन टाकू! तिला तिचं तोंड परत मिळेल आणि ती जाईल.

आजीच्या पेटीच्या तळाशी ती निगेटिव्ह सापडली. मधोमध लाल ठिपका, अंगठ्याएवढा. शुक्रवारी घासूनं दुकानातला मऊ कापूस नेला आणि गार पाण्यानं, हलक्या हातानं पुसायला घेतलं. रंग सुटत गेला.

खाली... काहीच नव्हतं.

नुसती आरपार काच. तिच्यातून तिला स्वतःची बोटं दिसली.

"आई म्हणाली, रंग धुतला की परत येईल," आजी मागून बोलली. "म्हणून आधी चाकूनं खरवडली. मग वरून रंग दिला. काम चोख होतं माझं."

आता सांगा, जी कुठेच उरली नाही ती सापडायची कशी?

शनिवारी अल्बममध्ये एकच फोटो शाबूत होता. शाळेचा पहिला दिवस, आजी आणि घासू, हातात हात. सकाळी घासू मला म्हणाली, "आज तो हातातच धरून बसते. पापणी हलवणार नाही. बघू कशी नेते मला."

पुढचं मला नंतर आजीनं सांगितलं.

तीन वाजता आवाज सुरू झाला. या वेळी स्वयंपाकघरातून नाही... पलंगाजवळून. घासूनं फोटो सोडला नाही. रडत म्हणाली, "आजीच्या डोक्यातून मला काढू नकोस. तुझ्या पाया पडते. हवं तर दुसरं काहीही घे."

आवाज थांबला.

साडेतीनला माझा फोन वाजला. घासू. दबक्या आवाजात बोलत होती.

"अरे, लवकर ये. माझ्या घरात एक म्हातारी बसलीय. रडतेय. कोण आहे ती?"

मी धावत गेलो. घासू जिन्यात उभी होती. तिच्या हातातला फोटो मी घेतला. त्यात शाळेच्या गणवेशातली घासू होती. तिचा हात कुणीतरी धरलाय, असा वर उचललेला. शेजारी सगळं कोरं.

आत आजी घासूच्या नावानं हाका मारत होती. तिचं पाळण्यातलं नाव, तिचे लहानपणचे हट्ट, तिचं प्रत्येक आजारपण... आजीला सगळं लख्ख आठवत होतं.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. घासू अजून माझ्या शेजारी बसून काचा घासते. आजीचा विषय काढला तर म्हणते, "मला कुठली आजी? मी अशीच वाढले." एकदा नेली होती तिला बळेबळे. तिनं आजीला आदरानं नमस्कार केला आणि विचारलं, "तुमचं कुणी नाही का हो?"

त्यानंतर मी तिला नेलं नाही.

आजी आता वृद्धाश्रमात असते. रविवारी मी जातो. ती विचारते, "पोर रागावलीय का रे माझ्यावर? जेवते ना वेळेवर?" मी म्हणतो, "नाही हो आजी, कामात आहे." दुसरं काय सांगणार?

पण तिथे मला फार वेळ बसवत नाही. आजीच्या उशाशी पाण्याचा पेला असतो...

गेल्या रविवारी मी निघायला उठलो तेव्हा आजीनं माझा हात धरला. जरा कान देऊन काहीतरी ऐकलं. मग मला म्हणाली,

"ती विचारतेय, तुझ्या घरी कोण कोण असतं?"

मी सांगितलं नाही.